कुमसार : एका भीतीचा इतिहास

उपवासकाळ सुरू झाला की पनवेल परिसरातील आपल्या धर्मग्रामांत एक प्रश्न दरवर्षी कानी येतो. "कुमसाराला गेलेच पाहिजे का?" हा प्रश्न विचारणारा बहुधा अश्रद्ध नसतो. रविवारची मिस्सा तो चुकवीत नाही, घरी संध्याकाळी जपमाळ म्हणतो, मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला वेळेवर पोहोचवतो. परंतु कन्फेशनलपुढील रांगेत उभे राहावयाचे म्हटले की त्याचे पाय जड होतात. कोणी म्हणतो, फादर मला ओळखतात. कोणी म्हणतो, नेमके काय सांगावे तेच सुचत नाही. कोणाला लहानपणी जाळीपलीकडून आलेला एखादा कठोर शब्द तीस वर्षांनंतरही टोचत असतो. ह्या भीतीला हसण्यात काही अर्थ नाही. ती फार जुनी आहे आणि प्रत्येक काळात तिने निराळे रूप घेतले आहे. आपल्या मनातील भीती कोणत्या काळातून चालत आपल्यापर्यंत आली, एवढे जरी कळले तरी तिचा भार हलका होईल, ह्या समजुतीने आम्ही हा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'कुमसार' हा आपल्या आजीपणजीच्या तोंडचा शब्द पोर्तुगीज 'कॉन्फेसार' ह्या क्रियापदाचे कोकणच्या जिभेवर झालेले रूप आहे. त्याच साच्यातून कोकणीत ख्रिस्तशरीर घेण्याला 'कुमगार' हा शब्द आला. पुढे धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतून 'प्रायश्चित्त संस्कार' हे नाव रूढ झाले. ते भारदस्त आहे, आपल्या भाषेच्या मुळातले आहे, पण ते मोकळ्या हाताने आलेले नाही. धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ताचा प्रपंच किती मोठा आहे हे पाहावयाचे असेल तर महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला चौथा खंड चाळावा. महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनात तर ह्या शब्दाला एक अगदी ठसठशीत अर्थ होता. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि १८९२ साली रानड्यांसारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतले. (मिशन अँग्लिकन होते, कॅथलिक नव्हे, पण चहाला पंथ नसतो.) ह्या प्रकरणात दोष कोणता, तर परक्याच्या हातचे पेय, प्रायश्चित्त कशाकरिता, तर जातीत आपले स्थान राखण्याकरिता, आणि सारे काही चारचौघांत, वर्तमानपत्रांच्या साक्षीने. हाच शब्द आपण संस्काराला लावला तेव्हा शिक्षा, बदनामी आणि बहिष्कार ह्यांचा धाक त्याच्या पदराला चिकटून आला असल्यास नवल नाही. अलीकडे 'समेट संस्कार' असे म्हणण्याकडे जो कल दिसतो, त्याचे कारण बऱ्याच अंशी हेच असावे.

आपल्याच शेजारचे आणखी एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. पनवेलमध्ये बेने इस्राएल समाजाचे बेथ एल हे सिनेगॉग १८४९ पासून उभे आहे. यहुद्यांचा योम किप्पूर, म्हणजे पापक्षालनाचा दिवस, ह्या कोकणातल्या तेल गाळणाऱ्या शनवार तेल्यांनी कित्येक पिढ्या मराठी नावाने पाळला: 'दारफळणीचा सण'. त्या दिवशी उपास करावयाचा, घराचे दार लावून घ्यावयाचे, बाहेरच्यांशी व्यवहार ठेवावयाचा नाही. दार लावून देवापुढे एकटे बसणे, हा पापक्षालनाचा एक मार्ग. पंचहौदेच्या प्रकरणात दिसतो तो दुसरा, समाजापुढे उभे राहण्याचा. आपला संस्कार ह्या दोहोंपैकी एकातही पूर्णपणे बसत नाही. त्यात दार लावलेले असते खरे, पण आत एक दुसरा माणूस बसलेला असतो. आणि आपली सारी अडचण त्या दुसऱ्या माणसाची आहे.

हा दुसरा माणूस आला कोठून? योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू शिष्यांवर आपला श्वास टाकतो आणि पापांची क्षमा करण्याचा वा न करण्याचा अधिकार त्यांना देतो, हा प्रसंग आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या प्रसंगानंतर लगेच जाळीच्या पेट्या उभ्या राहिल्या असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या काही शतकांत स्नानसंस्कारानंतर कोणी खून, व्यभिचार किंवा श्रद्धात्याग ह्यांसारखे घोर पाप केले, तर त्याला पश्चात्तापी जनांच्या निराळ्या वर्गात दाखल व्हावे लागे. उपास, साधी वस्त्रे, मंडळीबरोबर पवित्र भोजनाला बसण्याची मनाई, आणि हे कित्येकदा वर्षानुवर्षे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुल्यनाने ह्या प्रायश्चित्ताला जहाज फुटल्यावर हाती लागणाऱ्या दुसऱ्या फळीची उपमा दिली. उपमा धीर देणारी आहे, पण तिच्यातला कठोर भाग असा की ही फळी जन्मात एकदाच मिळत असे. ३९० साली थेसलनीकात सैन्याकरवी हजारो नागरिकांची कत्तल करविल्याबद्दल सम्राट थिओडोसियसला मिलानचे बिशप संत आंब्रोज ह्यांनी ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवले, आणि सम्राटाने राजचिन्हे उतरवून मंडळीदेखत प्रायश्चित्त केले. सम्राटाने ते केले. सामान्य माणसे मात्र घाबरली. एकदाच मिळणारी क्षमा तरुणपणी खर्च करून टाकली तर पुढे काय, ह्या धास्तीने लोक प्रायश्चित्त मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकू लागले. त्या काळची भीती आजच्या अगदी उलट होती. आज आपल्याला वाटते, किती वेळा जावे लागते. त्यांना वाटे, पुन्हा जाता येणार नाही.

ह्या सार्वजनिक रीतीतही पापाचा तपशील चव्हाट्यावर यावा असा ख्रिस्तसभेचा आग्रह नव्हता. इटलीच्या काही प्रांतांत पश्चात्तापी माणसांच्या पापांची लेखी यादी मंडळीपुढे वाचून दाखवण्याची प्रथा पडली, तेव्हा थोर पोप संत लिओ ह्यांनी ४५९ साली तेथील बिशपांना खरमरीत पत्र लिहून ती बंद करविली. अपराध धर्मगुरूला गुप्तपणे सांगितला की पुरे, अशा प्रथेमुळे लाजून लोक उपचारापासूनच दूर जातील, असे त्यांचे म्हणणे होते. लाज ही अडचण आहे आणि ती दूर करणे हे ख्रिस्तसभेचे काम आहे, ही जाणीव दीड हजार वर्षांपूर्वी एका पोपच्या पत्रात आढळते, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

ह्यानंतरचे वळण आयर्लंडच्या मठवासीयांनी दिले. सहाव्या-सातव्या शतकांत ते युरोपभर हिंडले आणि आपल्याबरोबर एक घरगुती रीत घेऊन गेले: एका अनुभवी माणसाला आपला आत्म्याचा सखा मानावयाचे, त्याच्यापाशी मन मोकळे करावयाचे, आणि हे जितक्या वेळा गरज पडेल तितक्या वेळा. प्रत्येक अपराधाला किती दिवसांचा उपास ह्याची कोष्टके त्यांनी तयार केली. ती आज वाचताना वाण्याच्या दरपत्रकाची आठवण होते. जुन्या वळणाच्या बिशपांना हे मुळीच रुचले नाही. ५८९ साली टोलेडोच्या परिषदेने वारंवार पापनिवेदन करण्याच्या ह्या प्रकाराचा निषेधही केला. परंतु लोकांनी कौल दिला तो आयरिश साधूंच्या बाजूने. १२१५ साली चौथ्या लॅटरन महापरिषदेने समजूतदार वय झालेल्या प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम केला, आणि त्याच नियमात, त्याच परिच्छेदात, ऐकलेले पाप शब्दाने वा खुणेने उघड करणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून जन्मभर मठात कोंडावे असेही ठरवले. वर्षातून एकदाची सक्ती सर्वांना माहीत असते. तिच्याच शेजारी बसवलेले हे कुलूप पुष्कळांना माहीत नसते.

ह्या गुप्ततेविषयी प्राग शहरातील संत जॉन नेपोमूक ह्यांची कथा सांगितली जाते. राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्यास नकार दिला म्हणून १३९३ साली त्यांना नदीत बुडवण्यात आले, अशी ती परंपरा. इतिहासकार म्हणतात की राजाचा राग एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून होता. ते खरे असावे. पण लोकांनी त्या मृत्यूचा असा अर्थ लावावा, ह्यावरून कोणती गोष्ट त्यांना प्राणाइतकी मोलाची वाटत होती हे कळते.

१५५१ साली ट्रेंटच्या महापरिषदेने ह्या संस्काराची शिकवण ठरीव शब्दांत मांडली. त्यानंतर मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांनी आपल्या धर्मप्रांतात पापनिवेदनासाठी जाळीची लाकडी आसने बसविण्याचा नियम केला, आणि ती पद्धत जगभर गेली. आज आपल्या मुलांना ती अंधारी पेटी भीतिदायक वाटते. परंतु ती ज्या हेतूने निर्माण झाली तो हेतू संरक्षणाचा होता, विशेषतः स्त्रियांच्या संरक्षणाचा: पापनिवेदन देवळाच्या खुल्या भागात, सर्वांच्या नजरेसमोर व्हावे, आणि दोघांच्या मध्ये अडसर असावा.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. १५४९ च्या वसंतात त्यांनी आपले सहकारी फादर गास्पार बार्झेउस ह्यांना होर्मुझ बेटावर धाडताना लेखी सूचना दिल्या. पापनिवेदन कसे ऐकावे ह्याविषयीचा त्यांतील भाग आम्हांला ह्या सबंध इतिहासात सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. झेवियर सांगतात की माणूस बोलत असताना त्याला दरडावू नये, सारे सांगून होईपर्यंत सौम्य राहावे. कोणी लाजेने अडखळला तर त्याला सांगावे की याहून कितीतरी मोठी पापे आम्ही ऐकली आहेत. आणि एवढ्यानेही त्याची जीभ सुटली नाही, तर शेवटचा उपाय म्हणून धर्मगुरूने स्वतःच्या गतायुष्यातील चुकांविषयी मोघमपणे बोलावे. जाळीच्या पलीकडे बसलेला माणूस पापी आहे, आणि ते कबूल करण्याची त्याची तयारी हवी, असे हे सांगणे आहे. होर्मुझ म्हणजे व्यापाराचे, सैनिकांचे, सावकारीचे गजबजलेले बंदर. तेथील माणसांची लाज कशी असेल ह्याची झेवियरना पुरती कल्पना होती.

झेवियरच्या मार्गात मात्र एक मोठा धोंडा होता: भाषा. मोत्यांच्या किनाऱ्यावरील तमिळ कोळ्यांमध्ये त्यांना दुभाष्यांवाचून काम करता येत नव्हते. प्रार्थना पाठ करवून घेता येते, स्नानसंस्कार देता येतो. पण एका स्त्रीने आपल्या मनातले शल्य गावातल्याच एका दुभाष्याच्या देखत कसे सांगावे? ही अडचण ज्याने खरी ओळखली तो झेवियरचा सहकारी फादर एन्रिक एन्रिक्स. तो तमिळ शिकला, दुभाष्यावाचून पापनिवेदन ऐकू लागला, आणि १५८० साली कोचीन येथे त्याचे तमिळ पापनिवेदनाचे पुस्तक छापून निघाले. भारतीय भाषांतील छपाईच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत एक पुस्तक कुमसार कसे करावे ह्याविषयी असावे, ह्यात आम्हांला योगायोग दिसत नाही. मिस्सा लॅटिनमध्ये होऊ शकत होती, स्नानसंस्कार लॅटिनमध्ये होऊ शकत होता, पण पापे लॅटिनमध्ये सांगता येत नाहीत. सर्व संस्कारांत हा एकच संस्कार असा होता की ज्यासाठी परदेशी धर्मगुरूला आपल्या लोकांच्या बोलीपुढे शिष्य होऊन बसावे लागले.

कोकणच्या किनाऱ्यावर हेच घडले. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांना आपण १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'मुळे ओळखतो. परंतु ते आधी गोव्यातील साष्टीचे धर्मगुरू होते, पुराणकार मागाहून. जवळजवळ चाळीस वर्षे कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसांची पापे कानी पडल्यावर ज्याला माणूस कोणत्या शब्दांत रडतो ते कळले, त्याने ती ओवी लिहिली, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे त्यांची कोकणी धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली. १६०६ च्या गोव्याच्या प्रांतिक परिषदेने तर नियमच केला की लोकांची भाषा न जाणणाऱ्याला धर्मग्राम सोपवू नये. पुढे वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. तीन वर्षांत लोकांची भाषा बदलेल असे मानणाऱ्या कारभाऱ्याने कधी कोणाचे कुमसार ऐकले नसावे.

ह्याच सुमारास बाणावलीचे एक तरुण धर्मगुरू, संत जोजफ वाझ, गोव्यात पापनिवेदन ऐकणारे म्हणून नावारूपाला आले होते. १६८१ पासून तीन वर्षे ते कानडा प्रांतात होते. तेथे पोर्तुगीज पाद्रोआदो आणि रोमच्या प्रोपागांडाने नेमलेले बिशप ह्यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता, आणि कोणाचा धर्मगुरू खरा, कोणाची पापमुक्ती लागू, ह्या शंकेने साधी माणसे हैराण होती. वाझ ह्यांनी वादापेक्षा माणसांकडे लक्ष दिले. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. तेथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. रात्री घरे गाठावीत, पापनिवेदन ऐकावे, मिस्सा करावी, उजाडण्याआधी निघून जावे, असा त्यांचा क्रम होता. वर्षानुवर्षे धर्मगुरूचे तोंड न पाहिलेली माणसे अंधारात त्यांच्यापुढे गुडघे टेकीत. तमिळ आणि सिंहली ते शिकले. १७११ साली कँडी येथे त्यांचा अंत झाला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

आपल्या उत्तर कोकणाची गोष्ट थोडी निराळी. पनवेल पोर्तुगिजांच्या स्थिर अंमलात कधी आले नाही. कर्नाळा किल्ल्यावर १५४० च्या सुमारास त्यांची शिबंदी चढली होती, पण ती टिकली नाही. मात्र पश्चिमेस करंजा, उत्तरेस ठाणे, साष्टी आणि वसई, दक्षिणेस चौल हा सारा टापू त्यांच्याकडे होता. १७३९ च्या मे महिन्यात वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली, पुढच्या वर्षी चौलही गेले. मोजकी देवळे ख्रिस्ती प्रजेकडे राहिली, गोरे मठवासी बहुतेक निघून गेले, आणि एतद्देशीय धर्मगुरूंनी विखुरलेली मंडळी सांभाळली. चौलजवळच्या कोर्लई गावात राहिलेल्या कॅथलिक कुटुंबांनी तर पोर्तुगिजीपासून घडलेली आपली मिश्र बोली आजतागायत राखली आहे. मराठी मुलखाच्या मधोमध एक खेडे आपल्या निराळ्या बोलीत सुखदुःखे सांगते, हे पाहिले म्हणजे भाषेचा आणि अंतःकरणाचा संबंध किती चिवट असतो ते ध्यानात येते.

मुंबई बेटावर आणि आसपास तर दुहेरी अधिकाराचा तो वाद शतकाहून अधिक काळ चालला. १७९४ पासून मुंबईतच काही देवळे पाद्रोआदोकडे, काही प्रोपागांडाकडे. १८३८ साली रोमने पाद्रोआदोचा अधिकार आखडता घेतला आणि गोव्याच्या पक्षाने ते मानले नाही. १८८६ च्या करारानंतर थोडी शांतता आली. १९२८ साली तो वाद मुंबईपुरता मिटला. ह्या भांडणाची हकीकत सांगणारे बहुधा बिशपांविषयी आणि मालमत्तेविषयी लिहितात. त्या काळातील एखाद्या म्हातारीच्या मनात काय चालले असेल, ह्याचा विचार क्वचितच होतो. ज्या फादरपाशी तिने चाळीस वर्षे कुमसार केले, त्यालाच समोरच्या देवळातील फादर अधिकारहीन म्हणतो! तिची क्षमा फुकट गेली काय? ख्रिस्तसभेच्या कायद्याचे उत्तर असे आहे की लोकांनी सामूहिक गैरसमजाने एखाद्याला अधिकारी मानले असेल, तर त्या ठिकाणी उणा असलेला अधिकार ख्रिस्तसभा स्वतः भरून काढते. हे तत्त्व जुने आहे आणि आजच्या धर्मकायद्यातही आहे. भाबड्या माणसाच्या श्रद्धेला कागदपत्रांतील उणिवेचा फटका बसू नये, एवढी काळजी त्या रुक्ष कायद्याने घेतली आहे.

विसाव्या शतकातील दोन बदल आपल्या घरांपर्यंत पोचले. १९१० साली संत पायस दहावे ह्यांनी मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारासच पवित्र ख्रिस्तशरीर देण्याचा आदेश दिला. तेव्हापासून पहिले कुमसारही कोवळ्या वयात होऊ लागले. त्यात मोठी कृपा आहे आणि थोडी अडचणही आहे. सात-आठ वर्षांचे मूल पापांची यादी पाठ करून जाते, आणि पुष्कळ मोठी माणसे जन्मभर तीच यादी घेऊन जातात: खोटे बोललो, प्रार्थना चुकवली, आईचे ऐकले नाही. पन्नाशीच्या माणसाचे मन मुलाच्या झग्यात मावत नाही. मग त्याला वाटते की कुमसारात काही राम नाही. दुसरा बदल १९७३ चा. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर नवा विधी आला; त्यात देवाचे वचन वाचले जाते, धर्मगुरू हात पुढे करून पापमुक्तीचे शब्द उच्चारतो, समोरासमोर बसून बोलण्याची सोय होते, आणि ज्याला जाळी हवी त्याला जाळी मिळालीच पाहिजे असे धर्मकायदा सांगतो. मिळून आत्मपरीक्षण करावे आणि मग एकेकट्याने पापनिवेदन करावे, असाही एक विधी आहे. पवित्र सप्ताहापूर्वी आपल्याकडे होतो तो हाच.

आता एका कठीण विषयाला हात घालावयास हवा. २०१८ साली केरळात मलंकारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेच्या काही धर्मगुरूंवर, एका विवाहित स्त्रीच्या पापनिवेदनातील गोष्टींचा गैरफायदा घेऊन तिचे शोषण केल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. ख्रिस्ती समाजातून तीव्र निषेध झाला, आणि शिफारस अतिरेकी होती हे आमचेही मत आहे. पण केवळ निषेध करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या वेळी आपल्या कित्येक भगिनींच्या मनात जी शंका आली ती खरी होती, आणि प्रकरण दुसऱ्या ख्रिस्तसभेचे होते एवढे सांगून ती मिटत नाही. ह्या संस्काराचा दुरुपयोग होऊ शकतो हे कॅथलिक ख्रिस्तसभेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पापनिवेदनाच्या निमित्ताने कोणाला वाममार्गाला लावू पाहणाऱ्या धर्मगुरूविरुद्ध पोप बेनेडिक्ट चौदावे ह्यांनी १७४१ साली कडक शासन काढले, आणि आजच्या धर्मकायद्यातही तो दंडनीय अपराध आहे. गुप्ततेचा थेट भंग करणारा धर्मगुरू तर त्याच क्षणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो, आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. आपल्या देशाच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात वकिलाला मिळालेल्या संरक्षणासारखा धर्मगुरूचा उल्लेख नव्हता. तरीही न्यायालयाने विचारले म्हणून कुमसारातील गोष्ट सांगण्याची मोकळीक धर्मगुरूला नाही, मग तुरुंगात जावे लागले तरी बेहत्तर.

आणि येथे एक गोष्ट प्रत्येक आईने आपल्या मुलीला आणि मुलालाही स्पष्ट शब्दांत सांगावी. गुप्ततेचे बंधन धर्मगुरूवर आहे, पापनिवेदन करणाऱ्यावर नाही. जाळीपलीकडून गैर शब्द आला, नको ते प्रश्न आले, धमकी आली, तर उठून निघून यावे, घरी सांगावे, बिशपांना कळवावे, आणि गुन्हा असेल तर पोलिसांकडे जावे. असे केल्याने कोणत्याही संस्काराचा अवमान होत नाही.

२०२० साली निराळाच अनुभव आला. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, आपली देवळे बंद झाली आणि महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरपर्यंत भाविकांसाठी उघडली नाहीत. कुमसारावाचून पास्काचा सण गेला. २० मार्च २०२० रोजी रोमच्या संबंधित न्यायासनाने आठवण करून दिली की देवावरील प्रेमापोटी झालेला खरा पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय असेल, तर गंभीर पापांचीही क्षमा मिळते. ही शिकवण ट्रेंटच्या परिषदेपासूनची आहे. त्या दिवसांत पुष्कळांनी विचारले, दूरध्वनीवरून कुमसार का नको? प्रश्न नवा वाटतो, पण १६०२ साली पोप क्लेमेंट आठवे ह्यांच्यापुढे तो दूरस्थ धर्मगुरूला पत्राने पाप कळवण्यासंबंधी आला होता आणि उत्तर नकारार्थीच होते. संस्कारात दोन माणसे एका ठिकाणी असावी लागतात. देवळे उघडल्यावर मिस्सेची गर्दी परतली. कन्फेशनलपुढची रांग तितकी परतली नाही, असे निदान आमच्या पाहण्यात आहे.

आपल्या पनवेलची अडचण आणखी निराळी आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवे पनवेल, कळंबोली, खारघर वसले, आणि वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची, तमिळनाडूची, अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यांतली कॅथलिक कुटुंबे एकाच बाकावर शेजारी बसू लागली. मिस्सेच्या वेळा भाषेप्रमाणे वाटून घेता येतात. कुमसाराची वेळ तशी वाटता येत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेले आपले मूल इंग्रजीतून पापांची यादी म्हणते, त्याची आजी, जिने आयुष्यभर आपल्या बोलीत देवाशी भांडण केले, ती मात्र "त्या फादरना माझे कळेल का?" म्हणून रांगेतून मागे सरते. तिला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसली तर स्वतःच्या शब्दांत म्हणता येते. कितव्या वर्षांनी आलो हे आठवत नसेल तर फार वर्षांनी आलो एवढे पुरे. स्वतःच्याच धर्मग्रामाच्या फादरकडे गेले पाहिजे अशी आज सक्ती नाही. ओळखीचा संकोच वाटत असेल तर शेजारच्या देवळात जावे. आणि भाषाच आड येत असेल तर, ज्या दुभाष्यावाचून झेवियरचे अडले त्याचीही तरतूद धर्मकायद्याने करून ठेवली आहे: पापनिवेदन करणाऱ्याची इच्छा असेल तर दुभाष्याच्या मदतीने ते करण्यास कोणालाही मनाई नाही, आणि त्या दुभाष्यानेही कानी पडलेले सारे गुप्त ठेवलेच पाहिजे.